सन ऑफ बीस्ट : जगातील सर्वांत उंच लाकडी रोलर कोस्टर नऊ वर्षांतच का बंद पडला?

प्रश्न

नमस्कार. नोकरीनिमित्त आम्ही अलीकडेच अमेरिकेतील ओहायो राज्यात, सिनसिनाटीच्या उत्तरेस असलेल्या मेसन येथे राहावयास आलो आहोत. किंग्ज आयलंड हे थीम पार्क येथून अगदी जवळ असल्यामुळे मुलांबरोबर तेथे वारंवार जाणे होते. बॅन्शी या रोलर कोस्टरच्या रांगेजवळ शोभेसाठी उभारलेल्या थडग्यांमध्ये एक थडगे सन ऑफ बीस्ट नावाच्या जुन्या राइडचे आहे. त्याविषयी चौकशी केली तेव्हा येथील जुन्या रहिवाशांकडून जवळजवळ एकच उत्तर मिळाले, ते असे की लाकडी कोस्टरला उलटे फिरवणारा लूप बसवला, तो झेपला नाही, अपघात झाला आणि राइड पाडावी लागली.

हे उत्तर मला पटत नाही. माझ्या वाचनानुसार लूप २००६ च्या हिवाळ्यात काढून टाकला होता आणि त्यानंतरही ही राइड चालू होती. लूपच सगळ्याचे मूळ असता, तर तो काढल्यावर दुखणे संपावयास हवे होते. मग ही राइड नेमकी कशामुळे निकालात निघाली? ती वाचवता आली असती का? लाकडी बांधकामाची किंवा यंत्रशास्त्राची जाण असलेल्या सदस्यांनी सविस्तर लिहिल्यास मी आभारी राहीन.

पहिला प्रतिसाद

आपली शंका रास्त आहे. ओहायोतील जुन्या राइडचा इतिहास हा माझ्या अनेक वर्षांच्या आवडीचा विषय असल्यामुळे आधी घटनाक्रम मांडतो. तांत्रिक बाजू येथील अभियंते अधिक चांगली उलगडतील.

या राइडच्या नावातच तिच्यावरचे ओझे होते. मूळ ‘बीस्ट’ १९७९ साली सुरू झाला. तो पार्कच्या स्वतःच्या अभियंत्यांनी आखला आणि पार्कच्या मागील बाजूस असलेल्या झाडीत, दऱ्याखोऱ्यांच्या उतारांचा उपयोग करून बांधला. त्याची उंची अवघी ११० फूट आहे, परंतु ७,३५९ फूट लांबीमुळे तो जगातील सर्वांत लांब लाकडी कोस्टर ठरला आणि हा मान आजही त्याच्याकडेच आहे. त्याची भव्यता उंचीत नसून जमिनीच्या वापरात आहे, हे मला नेहमीच फार महत्त्वाचे वाटत आले आहे. गाडी बहुतांश वेळ जमिनीलगत, झाडांमधून आणि बोगद्यांतून धावते, त्यामुळे प्रत्यक्षात ताशी १०४ किलोमीटर असलेला वेग त्याहून कितीतरी अधिक भासतो.

‘सन ऑफ बीस्ट’ हा त्याचा वारस म्हणून मे २००० मध्ये लोकांसाठी खुला झाला. त्या वेळी हे पार्क पॅरामाउंटच्या मालकीचे होते. बांधकाम रोलर कोस्टर कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीकडे होते आणि आराखड्याची गणिते वर्नर श्टेंगल या नामवंत जर्मन अभियंत्याची होती. उंची २१८ फूट, पहिला उतार २१४ फुटांचा, वेग ताशी सुमारे १२५ किलोमीटर आणि लांबी ७,०३२ फूट. दोनशे फुटांचा टप्पा ओलांडणारा हा पहिलाच लाकडी कोस्टर होता. त्यातच ११८ फूट उंचीचा लूपही होता, जो त्या काळात जगातील दुसऱ्या कोणत्याही लाकडी कोस्टरमध्ये नव्हता. उंची, वेग आणि लूप असे तीन विक्रम एकाच राइडवर लादले गेले. माझ्या मते पुढच्या सगळ्या कहाणीचे बीज तेथेच आहे.

आता २००६ कडे येतो. त्या वर्षी ३० जून रोजी पॅरामाउंटची सर्व पार्के सीडर फेअर या कंपनीने विकत घेतली. त्यानंतर नऊच दिवसांनी, ९ जुलै रोजी, सन ऑफ बीस्टच्या सांगाड्यातील लाकूड तडकले. त्यामुळे रुळात खळगा पडला आणि त्यावरून वेगाने गेलेल्या गाडीला जबर हादरा बसून २७ जण जखमी झाले. हा खळगा लूपमध्ये पडला नव्हता. पहिल्या उतारानंतर गाडी ज्या विस्तीर्ण, गोल गोल फिरणाऱ्या वळणात शिरते आणि ज्याला तेथील लोक ‘रोझ बोल’ म्हणत, तेथे तो पडला होता. त्या हंगामात राइड पुन्हा सुरू झाली नाही. हिवाळ्यात लूप काढला गेला आणि मर्टल बीच येथील बंद झालेल्या पार्कमधील हरिकेन या कोस्टरच्या हलक्या गाड्या आणून ४ जुलै २००७ रोजी राइड पुन्हा चालू झाली.

जून २००९ मध्ये एका महिलेने मे महिन्याच्या अखेरीस या राइडमध्ये बसल्यानंतर आपल्या मेंदूतील रक्तवाहिनी फुटल्याची तक्रार केली. तेव्हा पार्कने राइड थांबवली आणि ती नंतर कधीच चालू झाली नाही. तीन वर्षे तो प्रचंड सांगाडा तसाच उभा होता. जुलै २०१२ मध्ये तो पाडण्याची घोषणा झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत जागा मोकळी झाली. २०१४ मध्ये तेथे बॅन्शी आला.

दुसरा प्रतिसाद

मी स्ट्रक्चरल इंजिनियर असून पुण्यात काम करतो. रोलर कोस्टर हे माझे व्यावसायिक क्षेत्र नव्हे, परंतु लाकडी आणि पोलादी सांगाड्यांवर फिरत्या भाराचा होणारा परिणाम हा माझ्या रोजच्या अभ्यासाचा विषय आहे, म्हणून लूपविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

लूपची कल्पना नवी नव्हती. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८९५ साली फ्लिप फ्लॅप रेल्वे नावाची राइड सुरू झाली होती. तिचा लूप सुमारे २५ फूट व्यासाचा आणि पूर्ण वर्तुळाकार होता, आणि तेथेच चूक होती. वर्तुळाकार लूपमध्ये गाडीला माथ्यावर जेमतेम टिकून राहण्याइतका वेग द्यावयाचा म्हटले, तरी घर्षण सोडून दिल्यास तळाशी प्रवाशाच्या शरीरावर त्याच्या वजनाच्या किमान सहापट भार येतो. वर्तुळ लहान करा वा मोठे, हे गुणोत्तर बदलत नाही. फ्लिप फ्लॅपमध्ये तर हा भार बारापटीपर्यंत जात असे, असे सांगितले जाते. साहजिकच ती राइड फार टिकली नाही.

यावरचा उपाय लूपचा आकार बदलण्यात होता. तळाशी वक्रता हळूहळू वाढत जाईल आणि माथ्यावर त्रिज्या लहान असेल, असा पाण्याच्या थेंबासारखा लूप केला की गाडी वेगात असताना वळण सौम्य राहते आणि वेग मंदावल्यावरच ते तीव्र होते. कॅलिफोर्नियातील मॅजिक माउंटन या पार्कमध्ये १९७६ साली ग्रेट अमेरिकन रिव्होल्यूशन ही राइड उभी राहिली आणि तिच्यामुळे हा आकार रूढ झाला. तिचे गणित वर्नर श्टेंगल यांनीच केले होते. म्हणजे आधुनिक लूप ज्यांनी सिद्ध केला, त्यांनीच पुढे सन ऑफ बीस्टचा लूप आखला. शिवाय तो लूप लाकडाचा नव्हता, त्याचा आधार आणि रूळ दोन्ही पोलादाचे होते. त्यामुळे लाकडाला लूप झेपला नाही, हे विधान तांत्रिकदृष्ट्या टिकत नाही.

मग लाकडाला काय झेपले नाही? माझ्या मते, रोझ बोल. लाकडी कोस्टरचा रूळ एकसंध नसतो. लाकडी फळ्यांचे सात-आठ थर एकमेकांवर ठेवून ते खिळे आणि बोल्टांनी जखडतात आणि सर्वांत वर पोलादाची पट्टी बसवतात. गाडीची चाके या पट्टीवरून धावतात, बाजूची चाके आडवा रेटा घेतात आणि खालची चाके गाडीला वर उचलू देत नाहीत. वळणावर हा आडवा रेटा गाडीच्या वस्तुमानाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्रिज्या वाढल्यास कमी होतो. बीस्टचा वेग १०४ आणि सन ऑफ बीस्टचा १२५ धरला, तर समान त्रिज्येच्या वळणावर व समान वजनाच्या गाडीसाठी रेटा सुमारे दीडपट होतो. आकडे केवळ एकवीस किलोमीटरनी पुढे गेलेले दिसतात, पण लाकडाला दीडपट भार सोसावा लागतो, आणि तोही दर फेरीला, दिवसभर.

त्यात लाकूड हे सजीव वस्तूसारखे वागते. ओहायोच्या दमट उन्हाळ्यात ते फुगते, हिवाळ्यात आकसते. बोल्ट सैल होतात, दोन रुळांमधील अंतर सूतभर कमी-जास्त होते. अंतर वाढले की बाजूची चाके एका रुळावरून दुसऱ्या रुळावर आपटू लागतात. हे आपटणे म्हणजे आणखी हादरे आणि हादरे म्हणजे आणखी सैलपणा. एकदा हे चक्र सुरू झाले की सुतारांनी कितीही धावपळ केली तरी ते पुढेच पळत राहते. पोलादी नळीच्या रुळात हा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नाही.

तिसरा प्रतिसाद

वरील विवेचन मला पूर्णपणे मान्य आहे, मात्र लूपला इतक्या सहज निर्दोष ठरवू नये असे वाटते. मी या राइडमध्ये लूप असताना आणि तो काढल्यानंतर, अशा दोन्ही काळांत बसलो आहे.

लूपमधील अनुभव सर्वांत शांत होता. पहिला उतार संपून गाडी रोझ बोलमध्ये शिरली की मांडीवरच्या दांड्याला धरलेले हात कोपरापर्यंत थरथरत. लाकूड चाकांखाली सतत खडखडत असे आणि शेजारच्याचा आवाजही ऐकू येत नसे. नंतर गाडी लूपकडे उतरली की अचानक तो सगळा खडखडाट थांबे. पोलादी रुळावरून ती अलगद वर चढे, क्षणभर आकाश पायांखाली येई आणि खाली येताच पुन्हा लाकडाचा आवाज सुरू होई. या दृष्टीने दुसऱ्या प्रतिसादातील निष्कर्ष माझ्या अनुभवाशी जुळतो.

परंतु लूप पार करावयाचा तर गाडी तेथपर्यंत पुरेशा वेगाने पोहोचली पाहिजे. वाटेत हवेचा आणि चाकांचा अवरोध वेग खात असतो आणि हलक्या गाडीचा वेग तो अधिक झपाट्याने खातो. म्हणून मूळच्या गाड्या जड होत्या. लूप काढल्यानंतरच हलक्या गाड्या वापरता आल्या, हे लक्षात घ्यावे. म्हणजे लूप स्वतः भक्कम होता, पण त्याच्यासाठी ठेवलेला गाडीचा भार त्याआधीच्या लाकडी वळणांना वाहावा लागत होता. वर दिलेल्या सूत्रात वेगाइतकेच वस्तुमानही आहे. दुखणे रोझ बोलमध्ये प्रकट झाले, तरी त्याला लूपचाही हातभार होता, असे मी म्हणेन. नव्या मालकांनी लूप काढला तो लोकांची समजूत घालण्यासाठी नव्हे, तर वजन उतरवण्याचा तोच एक मार्ग होता म्हणून, असे मला वाटते.

हलक्या गाड्यांमुळे फरक पडला, हे नमूद केले पाहिजे. तरीही उंची तीच, उतार तोच आणि रोझ बोलही तोच होता. जगातील एकमेव लूप असलेला लाकडी कोस्टर ही ओळख मात्र गेली. खडखडाट सोसूनही लोक ज्यासाठी येत होते, तेच आकर्षण हरपले. पुढे २००९ मध्ये राइड थांबवण्याची वेळ आली तेव्हा ती पुन्हा सुरू करण्यासाठी मोठा खर्च करावा, असे व्यवस्थापनाला वाटण्याजोगे फारसे काही उरले नव्हते.

मूळ प्रश्नकर्ता

तिन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. लूप आणि गाडीचे वजन यांचा संबंध माझ्या लक्षातच आला नव्हता. आता दोन उपप्रश्न उरतात. ज्या काळात ही राइड बांधली गेली, त्या काळात उंच लाकडी सांगाड्याचा धोका कोणालाच दिसला नव्हता का? आणि २००९ नंतर ती दुरुस्त करून वाचवणे शक्य होते का? शिवाय माझे वडील पुढील महिन्यात नाशिकहून येत आहेत आणि त्यांना मूळ बीस्टमध्ये बसण्याची फार इच्छा आहे. त्यांची प्रकृती उत्तम असून डॉक्टरांची हरकत नाही, तरी काही सूचना असल्यास सांगाव्यात.

पहिला प्रतिसाद देणारे सदस्य, पुन्हा

धोका दिसण्यासारखा होता. याच बांधकाम कंपनीने १९९२ साली टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे रॅटलर हा १७९ फूट उंचीचा लाकडी कोस्टर उभारला होता आणि तोही त्या वेळी उंचीचा विक्रम करणारा होता. त्याचा १६६ फुटांचा पहिला उतार दोनच वर्षांनी कमी करून १२४ फुटांवर आणावा लागला. हे उदाहरण डोळ्यांसमोर असताना दोनशे फुटांच्या पलीकडे जाण्याचे ठरले.

त्या वेळचे वातावरणही विचारात घ्यावे. २००० सालच्या त्याच मे महिन्यात, ओहायो राज्याच्याच दुसऱ्या टोकाला, सीडर पॉइंट या पार्कमध्ये मिलेनियम फोर्स हा ३१० फूट उंचीचा पोलादी कोस्टर सुरू झाला. त्याच्या आराखड्यातही श्टेंगल यांचा हात होता. एकाच राज्यात, एकाच हंगामात, एकाच अभियंत्याच्या गणितावर दोन विक्रमी राइड उभ्या राहिल्या. पोलादी राइड आजही चालू आहे, लाकडी राइड नऊ वर्षांत थांबली. साहित्याच्या निवडीने किती फरक पडतो हे दाखवणारा याहून स्पष्ट पुरावा मला तरी ठाऊक नाही, आणि म्हणूनच दोष एखाद्या व्यक्तीच्या गणितावर टाकणे मला अन्यायाचे वाटते.

ती वाचवता आली असती का, या प्रश्नाचे उत्तर देताना काळाकडे पाहावे लागते. जुना लाकडी सांगाडा ठेवून त्यावर नव्या प्रकारचे पोलादी रूळ बसवण्याचे तंत्र रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शन या कंपनीने २०११ साली टेक्सास जायंटवर प्रथम वापरले. २०१३ मध्ये वर उल्लेखलेला रॅटलरही त्याच पद्धतीने आयर्न रॅटलर झाला. त्याच वर्षी मिसूरीतील आउटलॉ रन या लाकडी कोस्टरने प्रवाशांना तीनदा उलटे फिरवून दाखवले. सन ऑफ बीस्ट पाडण्याचा निर्णय जुलै २०१२ चा आहे, म्हणजे हे तंत्र डोळ्यांसमोर होते पण त्याचा अनुभव जेमतेम वर्षभराचा होता. सीडर फेअरनेच पुढे सीडर पॉइंटमधील मीन स्ट्रीक या १९९१ च्या लाकडी कोस्टरचे २०१८ मध्ये स्टील व्हेंजन्समध्ये रूपांतर केले आणि तो अतिशय नावाजला गेला. आणखी चार-पाच वर्षे तो सांगाडा उभा राहिला असता, तर निर्णय वेगळा झाला असता, असे मला प्रामाणिकपणे वाटते. ती हळहळ माझ्या मनातून गेलेली नाही.

त्या जागी आलेला बॅन्शी मात्र उत्तम आहे. ४,१२४ फूट लांबी, गाडी रुळाखाली टांगलेली आणि प्रवासी सात वेळा उलटे होतात, तरी हादरा म्हणून बसत नाही. तो स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबियार या कंपनीने बनवला आहे. खोपोलीजवळच्या इमॅजिकामधील नायट्रो याच कंपनीचा असल्यामुळे, त्यात बसलेल्या वाचकांना त्या सफाईची कल्पना येईल.

दुसरा प्रतिसाद देणारे सदस्य, पुन्हा

तिसऱ्या प्रतिसादातील वजनाचा मुद्दा मी स्वीकारतो, तो माझ्या मांडणीत यावयास हवा होता.

दोनशे फुटांचा टप्पा ओलांडणारा दुसरा लाकडी कोस्टर सन ऑफ बीस्टनंतर आजवर कोणी बांधलेला नाही. जर्मनीतील कोलोसोस २००१ साली त्याच्या जवळपास, साठ मीटरपर्यंत गेला, परंतु त्याचे रूळ कारखान्यात अचूक मापाने तयार करून आणलेले होते. तरीही २०१६ मध्ये तो बंद ठेवून त्याचे रूळ बदलावे लागले आणि २०१९ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. कारखान्यात कापलेला रूळ हातांनी ठोकलेल्या रुळापेक्षा खूपच सरळ असतो, पण थकवा त्यालाही चुकत नाही.

तिसरा प्रतिसाद देणारे सदस्य, पुन्हा

आपल्या वडिलांसाठी. २०२२ च्या हंगामापूर्वी बीस्टच्या रुळाचा सुमारे दोन हजार फुटांचा भाग नव्याने बांधला गेला असून पहिला उतारही सुधारला आहे, त्यामुळे तो पूर्वीपेक्षा बराच सुसह्य झाला आहे. प्रत्येक डब्यात आसनांच्या तीन रांगा असतात. पुढची आणि मागची रांग चाकांच्या वर येते, मधली येत नाही. त्यांना मधल्या रांगेत बसवावे आणि शक्यतो गाडीच्या पुढच्या भागातील डबा निवडावा. दुसऱ्या चढणीनंतर शेवटचे मोठे गोल वळण येते, तेथे बाजूला बराच रेटा बसतो. त्यापूर्वी पाठ आसनाला टेकवून ठेवावी आणि मान सैल सोडू नये, एवढे त्यांना आधी सांगून ठेवावे. रात्री ही राइड अधिक रंगते, मात्र पहिल्या वेळी दिवसाच बसावे, कारण वळणे आधी दिसली की शरीर आपोआप सावरून घेते.